आधी बिल, मग गच्ची

तालुक्याच्या गावातल्या सरकारी कार्यालयात महावितरणचे बिल येते. आवक बारनिशीत त्याची नोंद होते, ते लेखा शाखेत जाते. ‘दूरध्वनी, वीज व पाणी’ या शीर्षाखाली अनुदान शिल्लक असेल तर भरले जाते, नसेल तर अनुदान येईपर्यंत थकते. या साऱ्या प्रवासात बिलाची रक्कम प्रत्येक जण पाहतो. या महिन्यात युनिट किती पडले, गेल्या वर्षी याच महिन्यात किती होते, मंजूर भार किती आणि प्रत्यक्ष लागतो किती, हे मात्र कोणी पाहत नाही. कार्यालयप्रमुखाला बिल आपले वाटत नाही, कारण पैसे शासनाचे. इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाची. तिच्यातले वायरिंग आणि पंखे त्याच विभागाच्या विद्युत शाखेकडे. टेबलावरचा पंखा चालू ठेवून जेवायला जाणाऱ्या लिपिकाला तर ते बिल कधी दिसतही नाही.

सरकारी इमारतींत वीज वाया का जाते, याचे निम्मे उत्तर या कारभारात आहे. उरलेले निम्मे इमारतीच्या भिंतीत, छतात, दिव्या-पंख्यांत आणि एसीत आहे. दुसऱ्या निम्म्यावर आपल्याकडे पुष्कळ काम झाले, योजना आल्या, पैसाही आला. पहिल्या निम्म्याला फारसे कोणी हात घातलेला नाही.

सध्या जोर आहे तो गच्चीवरच्या सौर पॅनेलवर. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. तिची चर्चा झाली ती घरगुती ग्राहकांच्या अनुदानामुळे, पण त्याच योजनेत सरकारी इमारतींच्या गच्च्याही सौर करण्याचे उद्दिष्ट आहे. ते योग्यच आहे. सरकारी कार्यालयाची वेळ आणि सूर्याची वेळ जवळपास एकच असते. घरात वीज संध्याकाळनंतर जास्त लागते, कार्यालयात ती दुपारी लागते. एवढी सोयीची जुळणी दुसऱ्या कुठल्या ग्राहकाच्या वाट्याला क्वचितच येते. तरीही माझे म्हणणे असे, की पॅनेलची निविदा काढण्याआधी इमारतीची भूक मोजली पाहिजे आणि ती कमी केली पाहिजे. हा क्रम उलटा झाला की पैसा दुप्पट लागतो.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका मध्यम आकाराच्या प्रशासकीय इमारतीत १०० छताचे पंखे आणि २०० जुन्या ट्यूबलाइट आहेत. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. जुनी जाड ट्यूब चोकसकट ५० वॅटच्या थोडी वर जाते, एलईडी ट्यूब २० वॅटमध्ये तेवढाच उजेड देते. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. सुट्ट्या वजा जाता वर्षाला सुमारे २४० दिवस कामाचे, दिवसाला आठ तास धरू. पंखे बदलल्याने दर तासाला साडेचार युनिट वाचतात, म्हणजे वर्षाला साधारण ८,६०० युनिट. दिवे बदलल्याने सुमारे १२,३०० युनिट. एकूण एकवीस हजारांच्या घरात.

आता हेच एकवीस हजार युनिट सौर पॅनेलमधून मिळवायचे तर काय लागेल? महाराष्ट्रात एक किलोवॅटच्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी चार युनिट, वर्षाला १,४०० च्या आसपास मिळतात आणि त्याला गच्चीवर साधारण १०० चौरस फूट जागा लागते. म्हणजे नुसत्या जुन्या पंख्या-दिव्यांची उधळपट्टी भागवायला पंधरा किलोवॅटची पॅनेले आणि दीड हजार चौरस फूट गच्ची खर्ची पडेल. त्या पॅनेलची वीज पुढची पंचवीस वर्षे जुने चोक गरम करण्यात जाईल. ज्या इमारतीची गच्ची मुळातच लहान आहे आणि तिच्यावर टाकी, जिन्याची खोली, मोबाइलचा मनोरा असे सगळे आहे, तिथे हा फरक इमारत सौर विजेवर चालेल की नाही, हेच ठरवतो.

ही उधळपट्टी किती आहे, याचा पहिला मोठा पुरावा वीस वर्षांपूर्वीच मिळाला. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, अस्तित्वात आला. ब्युरोने सुरुवातीला दिल्लीतल्या मोठ्या सरकारी इमारतींचे ऊर्जा लेखापरीक्षण करून घेतले. राष्ट्रपती भवन, पंतप्रधान कार्यालय, रेल भवन, संचार भवन, श्रमशक्ती भवन, एम्स अशी नावे त्यात होती. निष्कर्ष असा निघाला, की या इमारतींत २३ ते ४६ टक्के वीज वाचू शकते. देशातल्या सर्वांत महत्त्वाच्या इमारतींची ही स्थिती होती. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कचेरीबद्दल वेगळे काय सांगायचे?

लेखापरीक्षण म्हटले की लोकांना जाडजूड अहवाल आठवतो. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग डोळे उघडे ठेवून इमारतीत फिरण्याचा असतो. एखाद्या तहसील कार्यालयात भर दुपारी बारा वाजता जाऊन उभे राहा. खिडक्या मोठ्या आहेत, बाहेर लख्ख ऊन आहे, पण खिडकीला लागून लोखंडी कपाटे आणि त्यांच्यावर लाल फडक्यात बांधलेले दप्तराचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. उजेड अडला, म्हणून दिवे लावले. दिव्यांची पूर्ण रांग एकाच बटणावर. खिडकीजवळच्या दोन ट्यूबची गरज नसली तरी आतल्या चारांसाठी सहाही जळतात. साहेबांच्या दालनात एसी, पण दार सतत उघडझाप होणारे आणि वरची झरोक्याची काच फुटलेली. त्याच एसीचे बाहेरचे यंत्र मागच्या बंदिस्त गॅलरीत आणखी तीन यंत्रांशेजारी बसवलेले. एकाने बाहेर टाकलेली गरम हवा दुसरे आत ओढते आणि चारही यंत्रे दमेकऱ्यासारखी चालतात. यातली एकही गोष्ट सुधारायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. कपाटे आतल्या भिंतीला लावा, खिडकीकडच्या दिव्यांना वेगळे बटण द्या, काच बसवा, यंत्रे मोकळ्या हवेत न्या.

एसीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण कार्यालयांच्या बिलातला हा सगळ्यांत वेगाने वाढणारा भाग आहे. तापमान एका अंशाने वाढवून ठेवले तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असे बीईई सांगते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू केल्यावर आपोआप २४ अंशांवर येतो, अशी सक्ती उत्पादकांवर झाली. पण रिमोट हातात असतो. १८ अंशांवर ठेवल्याने खोली लवकर गार होते, हा समज कार्यालयांत पक्का बसला आहे. दीड टनाचा एसी १८ वर ठेवा की २४ वर, पहिली दहा-पंधरा मिनिटे तो जवळपास सारख्याच गतीने थंडावा देतो. फरक एवढाच, की १८ वर ठेवलेला थांबायचे नाव घेत नाही. दुसरी गोष्ट ताऱ्यांची. तारांकनाचे निकष काही वर्षांनी कडक होत जातात, त्यामुळे आठ वर्षांपूर्वीचा पाच तारे असलेला एसी आजच्या निकषावर पाच ताऱ्यांचा राहत नाही. जुन्या यंत्रावरचा पिवळा पडलेला स्टिकर पाहून समाधान मानू नये. पंख्यांनाही जानेवारी २०२३ पासून तारांकन सक्तीचे आहे, तेव्हा खरेदीच्या मागणीपत्रात नुसते ‘छताचा पंखा, १२०० मिमी’ असे न लिहिता तारे किंवा वॅट लिहिणे आता सहज शक्य आहे. दरपत्रकात सर्वांत स्वस्त तो पंखा, या सवयीने दहा वर्षांचे बिल आपण आधीच कबूल करून बसतो.

आणि विदर्भातल्या कार्यालयांनी कूलरला कमी लेखू नये. नागपूर, अकोला, चंद्रपूरचा उन्हाळा कोरडा असतो. पाण्याच्या बाष्पीभवनाने गारवा देणारा कूलर तिथे उत्तम काम करतो आणि एसीच्या तुलनेत विजेचा एक छोटा हिस्साच खातो. हाच कूलर रत्नागिरीत किंवा पणजीत निरुपयोगी, कारण हवेत आधीच ओल भरलेली. एकाच राज्याच्या सगळ्या इमारतींना एकच उपाय लावता येत नाही, हे इमारतींची ऊर्जा संहिताही मान्य करते; तिने देशाचे हवामान विभाग पाडून प्रत्येकासाठी वेगळे निकष दिले आहेत.

ही संहिता म्हणजे ईसीबीसी. २००७ मध्ये ती आली, २०१७ मध्ये सुधारली, आणि २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर तिची व्याप्ती वाढवून टिकाऊपणाचाही विचार तिच्यात आणला गेला. भिंतीतून, छतातून, काचेतून किती उष्णता आत येऊ द्यायची, प्रत्येक चौरस मीटरला दिव्यांचे किती वॅट लावायचे, हे ती सांगते. मला मात्र या संहितेहून जुन्या काही सरकारी इमारतींकडे बोट दाखवावेसे वाटते. इंग्रजांच्या काळातली मामलेदार कचेरी किंवा न्यायालयाची इमारत आठवून पाहा: दोन-दोन फुटांच्या दगडी भिंती, तिन्ही बाजूंनी पडवी, वर मंगलोरी कौले, उंच छत आणि छताखाली गरम हवा बाहेर जाण्यासाठी झरोके. ऊन भिंतीला थेट लागतच नव्हते. पुढे आपण पडव्या बंद करून त्यांत टेबले टाकली, झरोके बुजवले आणि खाली खोटे छत लावून एसी बसवले. नव्या इमारतींना तर पश्चिमेकडून अखंड काच लावण्याची हौस आली. मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी पश्चिमेची काच म्हणजे संध्याकाळपर्यंत चालणारा हीटर. तो थंड करायला मग दुसऱ्या बाजूने वीज जाळायची. नवी इमारत बांधताना लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवल्या, दक्षिणेच्या खिडक्यांना पुरेसा रुंद छज्जा दिला आणि पश्चिमेला जिना, स्वच्छतागृह, अभिलेख कक्ष अशा खोल्या टाकल्या, तर एकही यंत्र न बसवता इमारतीची भूक निम्मी नसली तरी बरीच कमी होते. आराखडा कागदावर असताना हे फुकट मिळते. इमारत उभी राहिल्यावर लाखो रुपये ओतूनही मिळत नाही.

उभ्या इमारतींत सर्वांत दुर्लक्षित भाग छताचा. दुमजली कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर एप्रिल-मेमध्ये जो वैताग येतो तो बहुतेक वेळा छतातून उतरलेल्या उष्णतेचा असतो. पांढरे परावर्तक रंग किंवा पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक लावले तर खोलीचे तापमान दोन-चार अंशांनी उतरते. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरणच आणले आणि सरकारी इमारतींना ते बंधनकारक केले. आपल्याकडे गच्चीची गळती थांबवायला दर काही वर्षांनी कोबा आणि जलरोधक लेप होतच असतो; त्याच कामात वरचा थर पांढरा घ्यावा, एवढीच अट अंदाजपत्रकात घालायची आहे.

हे सगळे एकत्र केले तर काय साधते, ते दिल्लीच्या जोरबागमध्ये पाहायला मिळते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची इंदिरा पर्यावरण भवन ही इमारत केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधली आणि २५ फेब्रुवारी २०१४ रोजी तिचे उद्घाटन झाले. तिच्या गच्चीवर ९३० किलोवॅटची पॅनेले आहेत आणि वर्षाला साधारण १४ लाख युनिट ती देतात. इमारतीची वर्षाची गरजही तेवढीच धरलेली आहे. लोक पॅनेलचे फोटो काढतात, पण खरी कामगिरी गरज एवढी खाली आणण्यात आहे. इमारतीच्या मधोमध मोठे मोकळे अंगण ठेवले, त्यामुळे बहुतेक खोल्यांना दोन बाजूंनी उजेड आणि हवा मिळते. वातानुकूलनातली उष्णता हवेत फेकण्याऐवजी जमिनीत सोडली; त्यासाठी इमारतीभोवती ८० मीटर खोलीचे १८० बोअर घेतले आणि त्यांतून पाण्याच्या नळ्या फिरवल्या. जमिनीच्या पोटातले तापमान दिल्लीच्या उन्हाळ्यातही फारसे चढत नाही, म्हणून यंत्रावरचा ताण उतरतो. छताजवळच्या थंड पाण्याच्या पट्ट्यांनी खोली गार होते, त्यामुळे मोठे पंखे फिरवून हवा ढकलायची वीज वाचते. आणि आतले तापमान २६ अंशांच्या आसपास ठेवायचे हे आधीच ठरवले. मंत्रालयाचे सचिवही त्याच २६ अंशांत बसतात. दर चौरस मीटरला वर्षाला ४४ युनिटच्या आसपास वापर धरून ही इमारत आखली गेली. मोठ्या वातानुकूलित कार्यालयांत हा आकडा सहज दीडशे-दोनशेपर्यंत जातो.

हा आकडा काढायला अवघड नाही. वर्षभराचे युनिट घ्या, इमारतीच्या चटईक्षेत्राने भागा. हजार चौरस मीटरच्या कार्यालयाने वर्षात ६०,००० युनिट वापरले तर आकडा ६०. बीईईने २००९ मध्ये कार्यालयीन इमारतींना तारे द्यायला सुरुवात केली ती याच आकड्यावरून. तारे मिळोत न मिळोत, आपल्या कार्यालयाचा आकडा ठाऊक असणे आणि शेजारच्या तालुक्याच्या कार्यालयाशी तो ताडून पाहणे, हे फार कामाचे आहे.

मग येते गच्ची. सौर संच बसवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. गच्ची गळत असताना पॅनेल बसवले की तीन वर्षांनी गळती दुरुस्तीसाठी सारा सांगाडा उतरवावा लागतो. टाकीची सावली दुपारी तीननंतर एका पॅनेलवर पडते आणि साखळीतल्या बाकीच्यांचीही वीज घटते, कारण सगळी एका ओळीत जोडलेली असतात. दक्षिणेकडे तोंड आणि पंधरा-वीस अंशांचा उतार हे आपल्या अक्षांशाला मानवते, तरी इमारतीच्या भिंतीशी समांतर दिसावीत म्हणून पॅनेले कुठेही वळवली जातात. कोकणात वाऱ्याचा विचार आधी हवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर छपरांची काय दशा केली, ते लोक विसरलेले नाहीत. तिथल्या सांगाड्याचे नट-बोल्ट आणि पायाचे वजन निविदेत स्पष्ट लिहिलेले असायलाच हवे. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे प्रश्न धुळीचा. पावसाळा सोडला तर दर पंधरा दिवसांनी पॅनेल पुसावे लागतात, आणि ते कोण पुसणार हे कामाच्या आदेशात लिहिलेले नसेल तर कोणीच पुसत नाही. जुन्या सौर बंबांचे असेच झाले. वसतिगृहांवर आणि रुग्णालयांवर बसवलेले कितीतरी बंब पाण्यातल्या क्षारांनी चोंदले आणि कोपऱ्यात पडून राहिले. यंत्र वाईट नव्हते, त्याची निगा राखायला माणूस नेमलेला नव्हता.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. गच्चीवर पॅनेल असले म्हणजे वीज गेल्यावरही कार्यालय चालू राहील, असे अनेकांना वाटते. ग्रिडला जोडलेला साधा सौर संच वीज गेली की स्वतःहून बंद पडतो. तो तसा बंद पडलाच पाहिजे, नाहीतर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका. वीज गेल्यावरही चालणारा संच हवा असेल तर बॅटरी आणि वेगळ्या प्रकारचा इन्व्हर्टर लागतो आणि खर्च वाढतो. सेतू केंद्राचा संगणक किंवा दवाखान्यातले लसींचे शीतकपाट अशा मोजक्या गोष्टींना बॅटरी द्यावी. पूर्ण इमारतीला देणे परवडत नाही.

दवाखान्यांच्या बाबतीत मात्र बॅटरीवरचा खर्च मला कधीच जास्त वाटत नाही. शेजारच्या छत्तीसगडने २०१२ ते २०१६ या काळात पाचशेहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रांवर बॅटरीसह प्रत्येकी दोन किलोवॅटचे सौर संच बसवले. पुढे २०१७ मध्ये सीईईडब्ल्यू या संस्थेने त्यांचा अभ्यास केला, तेव्हा सौर वीज असलेल्या केंद्रांत बाह्यरुग्णांची संख्या इतरांहून निम्म्याने अधिक आणि महिन्याकाठी होणारी बाळंतपणे जवळपास दुप्पट आढळली. दोन किलोवॅट म्हणजे किती थोडी वीज! पण रात्री अडीच वाजता बाळंतिणीच्या खोलीत दिवा हमखास लागेल, नवजात बाळाला ऊब देणारे यंत्र चालेल, लसी खराब होणार नाहीत, ही खात्री असली की गावातली माणसे दवाखान्यात येतात आणि परिचारिकाही रात्री थांबतात. गडचिरोलीची आणि छत्तीसगडची परिस्थिती फार वेगळी नाही. सीमेच्या या बाजूला प्रत्येक आरोग्य केंद्राला अशी खात्रीची वीज मिळणे ही चैन नव्हे. सौर विजेतून वाचलेल्या रुपयांचा हिशेब इथे दुय्यम आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांचा प्रश्न वेगळ्या प्रकारे जिव्हाळ्याचा. लोकवर्गणीतून डिजिटल झालेल्या किती शाळांचे मीटर बिल थकले म्हणून काढले गेले, हे ग्रामीण शिक्षकांना विचारा. चार पंखे, सहा दिवे, एक मोठा टीव्ही आणि दोन संगणक यांना एक-दोन किलोवॅटचा संच पुरेसा आहे. पॅनेल सर्वाधिक वीज देतात एप्रिल-मेमध्ये आणि नेमकी तेव्हाच शाळा सुट्टीवर असते. म्हणून शाळेला बॅटरीच्या संचापेक्षा नेट मीटरिंग जास्त सोयीचे: सुट्टीत तयार झालेली वीज महावितरणकडे जमा होते आणि वर्षाच्या आत ती बिलातून वळती होते. बॅटरीत पाणी घालायला शिक्षकाला वेळ नसतो आणि चार-पाच वर्षांनी नवी बॅटरी घ्यायला शाळेकडे पैसे नसतात.

पैशाचा मार्ग मात्र आता पूर्वीएवढा बिकट राहिलेला नाही. एलईडीच्या बाबतीत ईईएसएल या सरकारी कंपनीने एकत्रित खरेदी करून दाखवले, की २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपयांना घेतला जाणारा बल्ब दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर येतो. त्याच कंपनीने २०१७ पासून सरकारी इमारतींत दिवे, पंखे, एसी बदलण्याचा कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इमारतीही त्यात आल्या. पद्धत अशी, की सुरुवातीचा खर्च कंपनीने करायचा आणि बिलात होणाऱ्या बचतीतून तो हप्त्याने वसूल करायचा. सौर संचासाठीही असाच मार्ग आहे, त्याला रेस्को म्हणतात: पॅनेल खासगी कंपनी बसवते आणि कार्यालय पंचवीस वर्षे ठरलेल्या दराने युनिटमागे पैसे देते. दोन्ही पद्धती कागदावर चोख आहेत. अडचण येते ती दोन जागी. बदल करण्याआधीचा वापर कोणी नीट मोजून ठेवलेला नसेल तर बचत किती झाली यावरून वाद होतो आणि हप्ते रखडतात. दुसरे, बचत झाल्यावर पुढच्या वर्षीचे अनुदान तेवढ्याने कापले जाते, त्यामुळे ज्याने धडपड करून बिल उतरवले त्या कार्यालयाच्या हाती काहीच उरत नाही. बचतीतला निदान काही हिस्सा त्याच कार्यालयाला स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, बसायची बाके यांसाठी वापरू द्यावा. वित्त विभागाने हे मान्य केले तर तालुक्यातालुक्यांत स्वतःहून बिल वाचणारे लोक तयार होतील.

बिलात वाचण्यासारखे असते काय? घरगुती बिलाहून बरेच जास्त. इमारतीने काही वर्षांपूर्वी ८० किलोवॅट भार मंजूर करून घेतला आणि आज दिवे बदलल्यावर कमाल मागणी ४५ च्या वर जात नसेल, तर स्थिर आकार किंवा मागणी आकार जुन्याच हिशेबाने लागत राहतो. भार कमी करून घेण्याचा अर्ज हा एका पानाचा आणि बिनखर्चाचा उपाय आहे. जिल्हा रुग्णालयासारख्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून महावितरण केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष वापरावर नव्हे तर खेचलेल्या एकूण विजेवर, आकारणी करते. तिथे कपॅसिटर नादुरुस्त असेल तर प्रत्यक्ष न वापरलेल्या विजेचेही पैसे जातात. मीटर नादुरुस्त म्हणून सरासरीने येणारी बिले, बंद पडलेल्या निवासस्थानाच्या नावावर चालू राहिलेली जोडणी, विभाग दुसरीकडे गेल्यावर मागे राहिलेले मीटर, अशा गोष्टी जुनी बिले ओळीने लावून पाहिली की एका दुपारी सापडतात. हे काम करायला प्रत्येक इमारतीत एक माणूस नावानिशी नेमायला हवा. तो अभियंताच असला पाहिजे असे नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचे वाचन वहीत लिहिणारा, शनिवारी-रविवारी बंद कार्यालयात किती युनिट पडले ते पाहणारा जबाबदार कर्मचारी पुरे. सुट्टीच्या दिवशी मीटर जोरात फिरत असेल तर काहीतरी चालू राहिले आहे, एवढे कळायला पदवी लागत नाही.

आपण नागरिक म्हणून यात बाहेर उभे आहोत असे समजू नये, कारण हे बिल आपल्याच करातून भरले जाते. माहितीच्या अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जावर कोणत्याही कार्यालयाचे गेल्या बारा महिन्यांचे युनिट, मंजूर भार आणि गच्चीवरच्या सौर संचाने दिलेली वीज मागता येते. अर्जाचीही गरज पडू नये. नागरिकांची सनद जिथे लावलेली असते त्याच भिंतीवर कार्यालयप्रमुखांनी हे तीन आकडे दर महिन्याला लावावेत. आणि गावात राहणाऱ्या वाचकांना सांगणे एवढेच: येत्या ग्रामसभेत शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि ग्रामपंचायत कार्यालय यांच्या वर्षभराच्या युनिटची बेरीज मागा, आणि गच्चीवर पॅनेल असतील तर ते शेवटचे कधी पुसले, हेही विचारा.